रोइंग मशीनवर तेच दुखणं परत परत येतंय? आधी घड्याळ बघा

सोसायटीच्या जिममध्ये रोइंग मशीन आलं की पहिले काही दिवस नंबर लागतात, मग हळूहळू त्याच्या हँडलवर लोकांचे टॉवेल वाळायला लागतात. कारण विचारलं की ठरलेली उत्तरं येतात, हात भरून येतात, कंबर धरते, उठल्यावर गरगरतं, पोटरीत गोळा येतो, आणि शेवटी "मला नाही बुवा सूट होत ते". मग यूट्यूबवर वॉर्मअपचा एक व्हिडिओ बघायचा, चार दिवस हातपाय हलवायचे, परत तेच दुखायला लागलं की मशीन बंद.

यात गडबड अशी होते की कुठे दुखतंय हे सगळे सांगतात, पण कधी दुखायला लागलं हे कोणी सांगत नाही. आणि इलाज त्या "कधी" वर ठरतो. दुसऱ्या मिनिटाला आलेलं दुखणं वॉर्मअपने जातं, पंचविसाव्या मिनिटाला आलेलं वॉर्मअपने जात नाही मग तुम्ही अर्धा तास सूर्यनमस्कार घाला नाहीतर काहीही करा, आणि उठल्यावर आलेली चक्कर ही कूलडाऊनची, म्हणजे शेवटी हळूहळू थांबण्याची भानगड असते. म्हणून एक-दोन आठवडे एवढंच करा, त्रास सुरू झाला की मॉनिटरवर किती मिनिटं झालीत ते बघा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. मग खाली तुमची वेळ शोधा.

पहिल्या चार-पाच मिनिटांतच वाट लागते

म्हणजे धाप लागते, मांड्या पेटतात, मनगट ते कोपर हात दगडासारखे होतात, आणि गंमत म्हणजे तसंच रेटत राहिलं तर आठ-दहा मिनिटांनी थोडं बरं वाटायला लागतं. हे "नंतर बरं वाटतं" फार महत्त्वाचं आहे, ही वॉर्मअप कमी पडल्याची पक्की खूण.

होतं काय, की तुम्ही जोरात ओढायला लागलात तरी स्नायूंपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोचायची यंत्रणा वर यायला दोन-तीन मिनिटं घेतेच, हृदय, श्वास, रक्तवाहिन्या सगळ्यांना वेळ लागतो. तोपर्यंतची मागणी शरीर ऑक्सिजनशिवायच्या मार्गाने भागवतं, आणि त्याची किंमत म्हणजे ती जळजळ आणि धाप. स्नायूंचं तापमान पहिल्या तीन-पाच मिनिटांत भराभर वाढतं आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावतं, म्हणून ते दहा-बारा मिनिटांचं वॉर्मअप सांगतात, कोणी हवेतून काढलेला आकडा नाहीये तो.

त्यात रोइंग मशीनची स्वतःची एक खोड आहे. पंख्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये थांबलेलं चाक फिरवायचं असतं त्यामुळे पहिला स्ट्रोक, म्हणजे पुढे जाऊन हँडल एकदा ओढणं, सगळ्यात जड लागतो. म्हणजे अंग सगळ्यात थंड असताना ओढ सगळ्यात जड. आणि आपले लोक काय करतात, बसले, पट्टे आवळले, हँडल धरलं आणि पहिलाच स्ट्रोक पूर्ण पुढे जाऊन सगळ्या ताकदीने. ट्रेडमिलवर कोणी पहिल्या सेकंदाला बाराच्या स्पीडने पळत नाही पण इथे रोज हेच चालतं कारण मशीन तुम्हाला अडवत नाही.

दुसरी फसवणूक मॉनिटरची. तिथे दिसतो तो स्प्लिट, म्हणजे 500 मीटरला लागणारा वेळ. 3:00 वरून 2:30 वर आलो म्हणजे तीस सेकंदच तर कमी केले असं वाटतं. पण ताकदीचं गणित वेगाच्या घनात जातं, स्प्लिटप्रमाणे सरळ नाही. 3:00 म्हणजे साधारण 60 वॅट, 2:30 म्हणजे 104 आणि 2:00 म्हणजे 203. म्हणजे 3:00 वरून 2:00 वर यायला तिपटीपेक्षा जास्त जोर लागतो. त्यामुळे "मी वॉर्मअप हलकाच करतो, 2:15 ला" म्हणणारा माणूस 142 वॅट काढत असतो आणि नवीन माणसासाठी तोच अख्खा वर्कआउट झाला. वॉर्मअपच्या वेळी स्क्रीन वॅटवर टाकून बघा, डोळे उघडतात. नाहीतर पहिली पाच मिनिटं स्क्रीनवर टॉवेल टाका सरळ.

तिसरं म्हणजे डॅम्पर. पंख्याच्या बाजूचा तो 1 ते 10 चा खटका. जिममध्ये तो कायम 10 वरच सापडतो कारण आधीच्या भाऊला 10 म्हणजे भारी वाटतं. तो सायकलच्या गिअरसारखा आहे, 10 वर ठेवल्याने जास्त व्यायाम होत नाही, फक्त प्रत्येक स्ट्रोक संथ आणि जड होतो आणि थंड कंबरेवर नेमकं तेच नको असतं. तीन ते पाचमध्ये ठेवा. कॉन्सेप्ट टू कंपनीचं मशीन असेल तर मेनूमध्ये मोअर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर असतं, म्हणजे हवेचा अडथळा किती ते दाखवणारा आकडा, ते लावून चार-पाच स्ट्रोक मारा, 110 ते 130 च्या मध्ये आकडा आला की बास. खटक्याच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा, कारण जाळीत धूळ बसली की हवा कमी जाते आणि पाचवर ठेवूनही मशीन हलकं लागतं, आणि आपल्याकडच्या जिममध्ये ती जाळी शेवटची कधी साफ झाली हे न विचारलेलं बरं. पाण्याच्या टाकीवालं मशीन असेल तर हा खटकाच नसतो, तिथे टाकीतल्या पाण्यावर जडपणा ठरतो. मॅग्नेटवाल्यात लेव्हल असते, वॉर्मअपला खालची ठेवा.

हात भरून येत असतील तर अजून एक बघा, हँडल मुठीत आवळताय का. बोटांचा आकडा करून नुसतं अडकवायचं असतं, अंगठा सैल. घट्ट पकड आणि थंड हात एकत्र आले की तिसऱ्या मिनिटाला कोपरापर्यंत हात भरून येणारच.

आता वॉर्मअप कसा करायचा तो सांगतो.

मशीनवर बसायच्या आधी तीन-चार मिनिटं उभ्यानेच. जागच्या जागी चाला, गुडघे वर उचलत. पाय पुढेमागे झुलवा, भिंतीला हात टेकून. अर्ध्या उठाबशा दहा-बारा. मग कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ ठेवत नुसतं खुब्यातून पुढे वाकायचं आणि वर यायचं, हीच हालचाल मशीनवर लागणार आहे, त्यामुळे हिला टाळू नका. स्नायू धरून मिनिटभर ताणून बसायचे प्रकार आत्ता नकोत, लांबलचक ताणून धरलं तर थोड्या वेळापुरती ताकद कमीच होते, ते सगळं शेवटी.

मग मशीनवर बसा. पाय सरळ, पाठ सरळ, नुसत्या हातांनी ओढायचं, एक मिनिट. मग हात आणि खुब्यातून पाठ, एक मिनिट. मग गुडघे अर्धे वाकवून अर्धा स्लाइड, म्हणजे सीट अर्ध्यापर्यंतच पुढे, एक मिनिट. मग पूर्ण स्ट्रोक, मिनिटाला 18 ते 20, इतक्या हलक्याने की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, तीन-चार मिनिटं. यात क्रम डोक्यात बसतो, ओढताना पाय, पाठ, हात आणि परत जाताना हात, पाठ, पाय. चाक पण आपोआप हळूहळू वेग घेतं त्यामुळे तो पहिला जड स्ट्रोक अंगावर येत नाही.

आज नुसतंच निवांत अर्धा तास मारायचं असेल तर एवढं पुष्कळ झालं, पुढची पाच मिनिटं जरा हळू ठेवली की तोच वॉर्मअप. पण इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हलकं, आलटून पालटून) असतील किंवा 2000 मीटर टाइम लावून मारायचे असतील तर अजून पाहिजे, दहा जोरदार स्ट्रोक मग मिनिटभर हलकं असं तीनदा, रेट (मिनिटाला स्ट्रोक) 22, मग 24, मग 26. त्यानंतर दोन-तीन मिनिटं हलकं, पाण्याचा घोट आणि सुरू. इथे लोक काय करतात तर वॉर्मअप झाल्यावर फोन काढतात आणि रील बघत दहा मिनिटं घालवतात, एसी डोक्यावर, सगळं परत थंड. मग वॉर्मअप केला कशाला?

वर्कआउट जितका छोटा आणि जोराचा तितका वॉर्मअप मोठा, हे उलटं वाटतं पण असंच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा आपला दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट मारायच्या शर्यतीत, उतरला होता, ती रेस 2000 मीटरची, सात मिनिटांच्या आसपासचा खेळ, आणि या लेव्हलचे रोअर, म्हणजे बोट वल्हवणारे, त्या सात मिनिटांसाठी अर्धा-पाऊण तास आधीपासून पाण्यावर बोट फिरवत अंग तापवत असतात. आपण मात्र चार मिनिटांच्या टबाटाला (वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद आराम, असं आठ वेळा) थेट उडी मारतो.

सकाळी पहिल्याच स्ट्रोकला कंबर

हे वरच्यापेक्षा वेगळं आहे म्हणून वेगळं लिहितोय. धाप नाही, हात ठीक, पण पहिल्या काही स्ट्रोकमध्येच कंबरेत चमक, कधी सरळ उसण भरते. आणि संध्याकाळी तोच माणूस तेच मशीन मारतो तेव्हा काही नाही.

आमच्या इथले एक रिटायर्ड काका आहेत, त्यांचं असंच व्हायचं. विचारलं, "काका, उठल्यावर किती वेळाने बसता मशीनवर?" तर म्हणाले, "अरे उठलो की तोंड धुतलं आणि लिफ्टने खाली, वेळ कशाला घालवायचा." म्हणजे अंथरुणातून मशीनवर पंधरा मिनिटांत!

रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपण एखाद सेंटीमीटर उंचही असतो. फुगलेली चकती कडक असते आणि पुढे वाकलं की तिच्यावर आणि मागच्या लिगामेंटवर नेहमीपेक्षा बराच जास्त ताण येतो. उभं राहिल्यावर, चालल्यावर ते जास्तीचं पाणी बाहेर जातं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या-एक तासातच. म्हणून यावर उपाय व्यायामाच्या आधी व्यायाम हा नाहीच, उपाय म्हणजे वेळ. उठल्यापासून मशीनपर्यंत निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि तो खुर्चीत बसून घालवू नका. काकांना एवढंच सांगितलं की आधी चहा करा, दूध आणायला पायी जा, बिल्डिंगला दोन चकरा मारा मग बसा. आणि सकाळी उठल्या उठल्या अंगठे पकडायचा जो अट्टाहास असतो ना, कंबर मोकळी करतोय म्हणून, तो अशा लोकांनी तर बिलकुल करू नये, मोकळी व्हायच्या ऐवजी तिथेच धरते. काका आता बसताना पहिली पाच मिनिटं अर्ध्या स्लाइडच्या पुढे जात नाहीत आणि तक्रार बंद आहे.

पुण्या-नाशकाकडे थंडीत पहाटे जिम फ्रीजसारखी असते तेव्हा हे जास्त जाणवतं, जॅकेट घालूनच वॉर्मअप करा आणि घाम फुटल्यावर काढा. मे महिन्यात मुंबईत उलटं, तिथे अंग तापायला वेळ लागत नाही, वॉर्मअप थोडा आवरता घ्या पण कूलडाऊन वाढवा कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि ठोके लवकर खाली येत नाहीत. पंखा तोंडावर पाहिजेच.

पंधरा-वीस मिनिटांनंतर दुखणं

इथे वॉर्मअपला दोष देऊ नका. सुरुवातीला छान चाललंय आणि मग हळूहळू कंबर भरून येतेय म्हणजे थकल्यावर तुमचा स्ट्रोक बिघडतोय. मोबाईल बाजूला जमिनीवर उभा करून वीस मिनिटांनंतरचा व्हिडिओ घ्या, पहिल्या मिनिटाचा नको, पहिल्या मिनिटाला सगळेच चॅम्पियन दिसतात. बहुतेक वेळा दिसतं ते असं की पुढे जाताना पाठीचा कमान झालेला कणा, हँडल अजून दोन इंच पुढे न्यायच्या नादात खांदे लोंबलेले, आणि ओढताना पाय ढकलायच्या आधीच पाठ उघडलेली. उपाय म्हणजे सेशन तोडा. तीस मिनिटं सलग मारण्यापेक्षा दहा-दहाचे तीन, मध्ये दोन मिनिटं उठून चालायचं. अर्ध्या तासापेक्षा लांब सलग सेशन आणि कंबरदुखी यांचा संबंध रोअर लोकांमध्ये चांगलाच माहितीतला आहे, तर तुम्हीआम्ही कशाला उगाच हट्ट करायचा.

पायाच्या बोटांना मुंग्या येत असतील तर पट्टा सैल करा, तो पावलाच्या सगळ्यात रुंद भागावर यायला पाहिजे, घोट्याकडे नाही. आणि ढुंगण बधिर होणं हा सीटचा प्रश्न आहे, घडी करून टॉवेल घाला किंवा उठा.

थांबल्यावर गरगरतं, मळमळतं

शेवटचे 500 मीटर जीव तोडून मारायचे, हँडल सोडायचं, पट्टे काढायचे आणि तट्कन उभं राहायचं. डोळ्यापुढे अंधारी आली नाही तरच नवल.

जोरात काम करताना पायांच्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटऱ्या-मांड्यांची हालचाल पंपासारखी मदत करत असते. तुम्ही थांबलात की पंप बंद, वाहिन्या मात्र अजून उघड्याच, रक्त पायात साचतं, बीपी पडतं. त्यात मशीनची सीट जमिनीपासून जेमतेम 14 इंचांवर, म्हणजे जवळजवळ पाटावरून उठल्यासारखं उठायचं असतं. उपाशी पोटी, कमी पाणी पिऊन, एकादशीच्या दिवशी हे केलंत तर मग बघायलाच नको.

तर संपलं म्हणजे संपलं असं नाही. हँडल हातातच ठेवा आणि ओढत राहा, एकदम हलकं, रेट 16 ते 18, स्प्लिट तुमच्या वर्कआउटच्या स्प्लिटपेक्षा तीसेक सेकंद हळू किंवा अजून हळू. निवांत सेशननंतर तीन-चार मिनिटं पुरतात, इंटरव्हलनंतर आठ-दहा. नाकाने श्वास घेता यायला लागला आणि एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं की थांबा. मग पट्टे काढा, पण लगेच उठू नका. पाय जमिनीवर, मिनिटभर बसून टाचा वरखाली करा, मग उठा आणि दोन-तीन मिनिटं चाला. मागे कोणी नंबर लावून उभा असेल आणि "झालं का दादा" करत असेल तरी उठून निदान चालत राहा, बाकावर जाऊन पडू नका.

बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे दुप्पट लागू आहे, आणि गोळी-व्यायामाच्या वेळेचं आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी आखडतं

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांड्या, पाठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणं ही सवय नसलेल्या कामाची ठणक असते आणि कूलडाऊनने ती फारशी कमी होत नाही, जिममधले ट्रेनर काहीही सांगोत. "लॅक्टिक ॲसिड साचलं" हे तर सोडूनच द्या, ते तास-दीड तासात नुसतं बसून राहिलात तरी साफ होतं, हलकं ओढत राहिलात तर अजून लवकर, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायला ते काही पाहुणे नाहीत. ही ठणक कमी करायची तर मीटर हळूहळू वाढवा, बस.

पण दुपारी ऑफिसात खुर्चीतून उठताना कंबर धरते, ते वेगळं. अर्धा तास वाकून सरळ होऊन वाकून सरळ होऊन पाठीमागची लिगामेंट थोडा वेळ सैलावलेली असतात, आणि नेमकं त्याच वेळात लोक एकतर डंबेल उचलायला वाकतात नाहीतर आंघोळ करून थेट कॅबमध्ये पोक काढून दीड तास. इथे शेवटची दहा मिनिटं कामाला येतात. चालून झालं की एक गुडघा जमिनीवर टेकून मांडीचा पुढचा भाग आणि खुबा ताणा, प्रत्येक बाजूला तीस-चाळीस सेकंद. मग उताणं पडून एक पाय टॉवेलने वर ओढून मांडीचा मागचा भाग. मग एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून खुब्याची मागची बाजू. शेवटी पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, अर्धं भुजंगासन म्हणा, त्याने दिवसभराच्या वाकण्याला उतारा मिळतो. अंगठे पकडायचं इथेही राहू द्या. आणि वजनं त्याच दिवशी मारायची असतील तर आधी मारा, रोइंग नंतर.

ज्यावर वॉर्मअप-कूलडाऊन करत बसायचं नाही

छातीत दाब किंवा दुखणं, जबड्याकडे-हाताकडे जाणारं दुखणं, खरोखर बेशुद्ध पडणं, मशीन बंद आणि लगेच हॉस्पिटल. कंबरेतून निघून गुडघ्याखाली जाणारी कळ किंवा पाय बधिर होणं, हे पण दाखवा, आणि त्यासोबत लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर थेट हॉस्पिटल. अजून एक म्हणजे बरगडी. बरगडीत एका ठिकाणी टोचणारं दुखणं, खोल श्वास घेतला, खोकलं, कुशीवर वळलं की वाढणारं, ते रोइंगवाल्यांना होणारं बरगडीचं बारीक फ्रॅक्चर असू शकतं. ते ताणून, शेकून, स्प्रे मारून जात नाही, विश्रांतीनेच जातं.

आणि ज्यांच्याकडे सगळं मिळून तीसच मिनिटं आहेत, त्यांनी वॉर्मअप कापू नये, वर्कआउट कापावा. उभ्याने दोन मिनिटं, मशीनवर टप्प्याटप्प्याने सहा, मग चौदा मिनिटं काय मारायचं ते मारा, पाच मिनिटं हलकं ओढत खाली या, तीन मिनिटं चाला. ताणायचं राहिलं तर घरी टीव्हीसमोर करा. आणि जाताना डॅम्पर चारवर ठेवून जा, मागून येणाऱ्याची कंबर वाचेल.